तोडणीआधी सांगितलेला भाव

चिंचोळी एमआयडीसीत चहाचं एक झाड नाही. सोलापूर-पुणे रस्त्यानं केगावचं विद्यापीठ आणि डाळिंब संशोधन केंद्र मागं पडलं, कोंडी ओलांडली, की आमची वसाहत लागते. कुणाच्या शेडमध्ये मोटारीचे कॅमशाफ्ट होतात, कुणाकडे रसायनं, कुणाकडे टॉवेल. माझ्या शेडमध्ये आसाम आणि उत्तर बंगालातून आलेला चहा चाळतात, लोहचुंबकावरून सोडतात, मिसळतात आणि दहा रुपयांच्या पुडीपासून किलोच्या पुड्यापर्यंत भरतात. पंढरपूर, धाराशिव, तिकडं विजयपूरपर्यंत माल जातो. या धंद्यात मी चुका पुष्कळ केल्या. त्यांतल्या बहुतेकांची किंमत मीच मोजली, त्यामुळं त्या सांगण्यासारख्या नाहीत. इथं लिहितो आहे त्या चुकांची किंमत दुसऱ्यांनी मोजली. आणि त्या करत होतो तेव्हा आपण भलं काम करतोय, अशी माझी पक्की समजूत होती.

मी मोहोळ तालुक्यातल्या ऊसवाल्या घरातला. लहानपणापासून घरात बोलणं एकच: यंदा एफआरपी, म्हणजे उसाचा कायद्यानं ठरलेला किमान भाव किती, उतारा किती बसला, पहिली उचल किती देणार, बिल आलं का. ऊस तुटल्यापासून चौदा दिवसांत पैसे दिले पाहिजेत, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज दिलं पाहिजे, हा कायदा आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतो. कारखान्यानं बिल थकवलं की रस्ता अडतो. अशा घरातला माणूस चहात उतरला, आणि चहालाही शेतकरी असतो ही गोष्ट त्याच्या डोक्यात कित्येक वर्षं आली नाही. चहा म्हणजे इंग्रजांच्या वेळचे मळे, कंपन्या, बंगल्यात राहणारे मॅनेजर आणि पाठीवर टोपल्या घेतलेल्या मजूर बाया, एवढंच चित्र मला माहीत होतं.

ते चित्र केव्हाच जुनं झालं होतं. आज देशात होणाऱ्या चहातला निम्म्याहून अधिक चहा छोट्या उत्पादकांच्या पानाचा असतो. टी बोर्डाच्या हिशेबात 10.12 हेक्टरपर्यंत, म्हणजे पंचवीस एकरांपर्यंत लागवड असणारा तो छोटा उत्पादक. पण प्रत्यक्षात बहुतेकांकडे पाच-सात बिघेच असतात, आणि आसामात तीन बिघ्यांचा साधारण एक एकर होतो. 1978 साली आसामचे कृषिमंत्री सोनेश्वर बोरा यांनी स्थानिक शेतकऱ्यांनी चहा लावावा असा आग्रह धरला, तिथून ही चळवळ वाढली. या शेतकऱ्यांकडे कारखाना नसतो. ते हिरवं पान विकतात. पान एजंटाच्या गाडीतून कारखान्यात जातं. स्वतःचा मळा नसलेले, पान विकत घेऊनच चालणारे हे कारखाने असतात. तिथं चहा होतो, तो सिलिगुडी किंवा गुवाहाटीच्या लिलावात जातो, आणि तिथून दलालामार्फत माझ्यासारख्याच्या शेडमध्ये येतो. साधारण साडेचार किलो पानाचा एक किलो चहा होतो.

मला ही साखळी फक्त शेवटच्या टोकाकडून दिसायची. सकाळी फोनवर लिलावाचा भाव यायचा आणि मी त्यात रुपया-दोन रुपये पाडायचा प्रयत्न करायचो. पाडता आले की दिवस चांगला. टपरीवाल्याला डस्ट, म्हणजे बारीक भुकटी लागते, घरगुती पुड्याला दाणेदार बीपी. दोघांनाही हवं असतं ते रंगाला गडद, चवीला कडक आणि किलोमागं जास्त कप. माझं सगळं कसब त्यात होतं. पान कोणी तोडलं, कधी तोडलं, त्याला काय मिळालं, हे मी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, कारण टी बोर्ड लिलावातल्या सरासरीवरून हिरव्या पानाचा जिल्हावार किमान भाव दर महिन्याला काढतं. ही व्यवस्था 2003 च्या चहा विपणन नियंत्रण आदेशातली आहे. एफआरपीचा आकडा तोंडपाठ असलेल्या मला तिची खबरही नव्हती.

पहिली खरी चूक पाण्यातली. चहा चाखायची जगभर ठरलेली रीत आहे: शंभर मिली पाण्याला दोन ग्रॅम चहा, सहा मिनिटं. आयएसओ 3103 या नावानं ती लिहूनही ठेवली आहे. मी रीत पाळायचो, काटा अचूक ठेवायचो, घड्याळ लावायचो आणि पाणी वापरायचो शेडमागच्या बोअरचं. या भागातलं बोअरचं पाणी किती जड असतं ते इथल्या कुठल्याही गीझरच्या कॉइलला विचारावं. जड पाण्यात चांगल्या चहाची चमक मरते. तोंडाला जी तरतरी जाणवायला हवी ती जाणवत नाही, रंग काळपट होतो आणि वर तेलकट पातळ साय धरते. उलट जाड्याभरड्या पानाचा, नुसता गडद चहा त्या पाण्यात फारसा बिघडत नाही, कारण बिघडायला त्यात काही नसतंच.

गोलाघाट भागातल्या एका कारखान्यानं एकदा निवडक पानाचा वेगळा लॉट करून नमुना पाठवला. त्या भागातल्या उत्पादकांच्या एका गटानं त्यासाठी मुद्दाम दोन पानं-एक कळी अशी तोडणी केली होती. मी तो नमुना बोअरच्या पाण्यात चाखला आणि ‘दम नाही’ असं कळवलं. तो लॉट मग लिलावात इतर मालाबरोबर सर्वसाधारण भावाला गेला. पुढं एका जुन्या चहा चाखणाऱ्या गृहस्थांनी माझ्या शेडमध्ये बसून दोन किटल्यांत एकच चहा केला, एकात बोअरचं पाणी, एकात आरओचं. दुसरा कप तोंडाला लावल्यावर मी काय नाकारलं होतं ते मला समजलं. ज्यांनी महिनाभर कमी वजनाची तोडणी केली त्यांना मात्र ‘सोलापूरच्या पार्टीला माल पसंत पडला नाही’ एवढंच कळलं असणार. आता मी दोन्ही पाण्यांत चाखतो. आरओच्या पाण्यात मालाची प्रत कळते, बोअरच्या पाण्यात तो आमच्या गिऱ्हाइकाच्या घरी कसा लागेल ते कळतं. दोन्ही माहिती हवी, पण एकीवरून दुसरीचा निकाल लावायचा नाही.

त्या ओशाळलेपणातूनच मी आसामला गेलो. साल 2021. आदल्या वर्षीच्या टाळेबंदीत पहिल्या बहराची तोडणी बुडाली होती, माल कमी पडला होता, भाव चढले होते. पानवाल्यांच्या हातात बऱ्याच दिवसांनी पैसा खेळत होता आणि माझ्याही. अशा वेळी माणूस उदार होतो. गटाच्या बैठकीला मी गेलो. पत्र्याची शेड, बाहेर वजनकाटा, जाळीच्या पिशव्या. पान प्लॅस्टिकच्या पोत्यात दाबून भरलं की आतून तापतं आणि कारखान्यात पोचायच्या आधीच लाल पडतं, म्हणून या जाळीच्या पिशव्या. गटाचं काम एक पोक्त बाई बघत होत्या, त्यांना सगळे बाइदेउ म्हणत. मीही म्हणू लागलो. त्या मला दादा म्हणायच्या. मी जाहीर केलं की चांगल्या पानाला बाजारभावापेक्षा किलोमागं दोन रुपये जास्त देईन. टाळ्या पडल्या नाहीत. बाइदेउंनी नुसतं विचारलं, ‘दादा, कौन देगा? आप, या फ़ैक्टरी?’ मला तो प्रश्न किरकोळ वाटला. मी म्हणालो, एकच की.

तो किरकोळ नव्हता, हे मला पुढच्या वर्षी कळलं. थेट घेतलेल्या मालासाठी मी कारखान्याला चहाच्या किलोमागं नऊ रुपये जादा देत होतो, म्हणजे पानाच्या किलोमागं दोन. कारखान्याच्या दृष्टीनं ती त्या लॉटची जास्त आलेली किंमत. ती त्यांच्या एकूण हिशेबात गेली, सगळ्यांच्या सरासरीत मिसळली, वाटेत एजंटाचं कमिशन सुटलं, आणि पानवाल्याला पोचलं ते ओळखू येईल एवढंही नव्हतं. कुणी चोरी केली नाही. मी पैसे कुणासाठी देतोय ते कागदावर कुठंच लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते ज्याच्या खात्यात गेले त्याचे झाले.

त्याहून मोठी चूक दोन रुपयांच्या आकड्यातच होती. ती मला बाइदेउंनी वहीत मांडून दाखवली. समजा एका तुकड्यावर बारा-तेरा दिवसांनी तोडणी केली तर चार-पाच पानांच्या काडीसकट शंभर किलो माल निघतो. भाव वीस रुपये धरला तर दोन हजार झाले. त्याच तुकड्यावर सात दिवसांच्या फेऱ्यानं फक्त दोन पानं-एक कळी घेतली तर तेवढ्याच काळात समजा पंच्याहत्तर किलो निघतो. माझ्या जादा दोन रुपयांसकट बावीसचा भाव धरला तर साडेसोळाशे. म्हणजे माझं ऐकून चांगलं तोडणारीला साडेतीनशे रुपयांचा फटका, वर दुप्पट फेऱ्यांची मजुरी. नुसती बरोबरी व्हायलाच सव्वीस-सत्तावीस रुपये हवेत. मी बक्षीस म्हणून जे देत होतो तो प्रत्यक्षात दंड होता, फक्त तो भरणाऱ्या बाईला मी हसून हात जोडत होतो.

हा हिशेब करायला मला कुठल्या तज्ज्ञाची गरज नव्हती. एका किलो चहात टपरीचे साडेचारशेच्या आसपास अर्धे कप होतात. पानाला सात रुपये जादा दिले तर चहाच्या किलोमागं साडेएकतीस रुपये वाढतात; कपामागं सात पैसे. दहा रुपयांना विकल्या जाणाऱ्या कपातले सात पैसे. मी मात्र दोन रुपयांच्या पुढं विचारच केला नव्हता, कारण दोन हा आकडा मी पानवाल्याच्या खर्चावरून काढला नव्हता. माझ्या मनाला मोठेपणा वाटेल आणि खिशाला लागणार नाही, असा तो आकडा होता.

दरम्यान मी पुड्यावर फोटो छापला होता. चहाच्या मळ्यात उभ्या बाइदेउ, खाली अक्षरं: थेट शेतकऱ्याकडून. त्यांनी फोटोला हो म्हटलं होतं, तेवढं मी विचारलं होतं. पुडा दिसायला देखणा झाला, सोलापुरातल्या दुकानदारांनी कौतुक केलं, दोन मॉलवाल्यांनी शेल्फ दिलं. एक पुडा मी मोठ्या हौसेनं आसामला पाठवला. बाइदेउंचा फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या, त्यामुळं जास्त लागलं. म्हणाल्या, ‘फोटो तो सोलापुर पहुँच गया दादा, पैसा इधर नहीं पहुँचा.’

पैसे पोचले नव्हते, कारण मी ते वेळेवर दिलेच नव्हते. इथं माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक येते. लिलावाला मी नावं ठेवायचो. दलालांचा खेळ, शेतकऱ्याचा चेहरा नाही, वगैरे. पण लिलावात घेतलेल्या मालाचे पैसे ठरलेल्या तारखेला भरावे लागतात, तेव्हाच माल सुटतो. तिथं माझी उधारी चालत नव्हती. थेट खरेदीत ती चालायला लागली. माझे दुकानदार मला दीड-दोन महिन्यांनी पैसे द्यायचे, म्हणून मी कारखान्याला तसाच उशिरा द्यायचो, आणि कारखाना पानवाल्याला. म्हणजे धाराशिवच्या किराणा दुकानदाराची उधारी गोलाघाटची बाई बिनव्याजी सोसत होती. मी ज्याला शेतकऱ्याशी थेट नातं म्हणत होतो, त्यातला मोठा भाग फुकटचं भांडवल होतं. आमचं उसाचं बिल पंधराव्या दिवशी आलं नाही तर घरात चूल पेटणार नाही अशा आवाजात बोलणारा माणूस मीच.

मग 2023 साल आलं आणि भाव उतरले. उत्तर भारतात, म्हणजे चहाच्या भाषेत आसाम-बंगालाकडं, पानाचा भाव उत्पादनखर्चाच्याही खाली गेल्याची ओरड होती. माझ्याकडं फोन आला की ठरलेले दोन रुपये तरी कायम ठेवा. मी सांगितलं की बाजारच पडलाय, मला लिलावात तसाच माल स्वस्त मिळतोय, दोन रुपये यंदा जमणार नाहीत. बोलताना मला अपराधी वाटलं नाही. धंदा आहे, बाजाराप्रमाणं चालावं लागतं, हे वाक्य मी सहज म्हणालो.

पुढच्याच वर्षी उन्हानं आणि पावसाच्या ओढीनं आसाम-बंगालात पीक मारलं. मे 2024 मध्ये देशाचं चहाचं उत्पादन आदल्या मेच्या तुलनेत तीस टक्क्यांहून जास्त घटलं आणि भाव चढले. त्याच वर्षी 1 मार्चपासून उत्तर भारतातली सगळी डस्ट जाहीर लिलावातूनच विकायची असा नियम आला, त्यामुळं थेट खरेदीला माझ्या हातात दाणेदार मालच उरला. कीडनाशकांच्या अंशावरून आसामातल्या कारखान्यांनी 1 जूनपासून छोट्या उत्पादकांचं पान घेणंच बंद करू असा इशारा दिला होता. अशा गदारोळात मी गटाकडे ठरलेला माल मागितला. त्यांनी तो दुसऱ्याला दिला होता, जास्त भावानं. मी चिडलो. शब्दाला जागत नाहीत, नातं ठेवत नाहीत, असं बरंच बोललो. गटाच्या हिशेबनीस पोरानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘आपने ही सिखाया था, धंधा है, बाज़ार के हिसाब से चलना पड़ता है.’ त्यानं माझं वाक्य वर्षभर जपून ठेवलं होतं. त्या दिवशी मी फोन ठेवून दिला, दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही, आणि तरीही मनातून त्यांचीच चूक आहे असं मला वाटत राहिलं. हे लिहिणं सोपं नाही, पण वाटत राहिलं हेच खरं.

ती समजूत आमच्या थोरल्या भावानं मोडली. दिवाळीला गावी गेलो होतो. सगळा प्रकार त्याला सांगितला, म्हटलं, अण्णा, जास्त पैसे देऊ केले तरी या लोकांना चांगलं पान तोडायचं नसतं. अण्णा गोठ्यात आंबोण कालवत होता. म्हणाला, ‘डेअरीच्या काट्यावर दरपत्रक लावलंय. साडेतीन फॅटला किती, चारला किती, एसएनएफ कमी आला तर किती कापणार, समदं आधी लिवलंय. म्हनून मी ही सरकी पेंड चारतोय. तू पानं तोडून झाल्यावर भाव सांगनार, आन् पानं चांगली का न्हाईत म्हनून बोंबलनार. तुजं त्ये उसाच्या कारखान्यावानी झालं बग.’

तो बरोबर बोलत होता, आणि पुरावा आमच्याच रानात उभा होता. कारखाना ज्याच्या-त्याच्या उसाची साखर मोजत नाही. सगळ्या गाळपाचा सरासरी उतारा काढतो आणि सगळ्यांना टनावर एकच भाव देतो. म्हणून आमच्या घरानं चांगल्या उताऱ्याचा 86032 जातीचा ऊस काढून काही रानात 265 लावला होता. त्याला वजन येतं. उतारा कमी म्हणून कारखाने या जातीवर नाराज असतात हे माहीत असून लावला. आम्हाला कुणी आळशी किंवा बेइमान म्हटलं असतं तर आम्ही भांडलो असतो. वजनाला पैसे मिळतात म्हणून आम्ही वजन पिकवलं. आसामातली बाई चार-पाच पानांची काडी तोडते तेव्हा ती हेच करते.

प्रतीचा निर्णय मालाची किंमत ठरते त्या दिवशी होत नाही. दूध चांगलं यायचं तर पेंड आदल्या महिन्यात चारावी लागते. चहाची प्रत ठरते ती फेरा सातव्या दिवशी घ्यायचा की बाराव्या, हे त्या घरात ठरतं त्या संध्याकाळी. कारखान्यात कितीही चांगली यंत्रं असली तरी जून पानातला तंतू कमी होत नाही आणि कोवळ्या पानात जे असतं ते त्यात येत नाही. त्या संध्याकाळी भाव माहीत नसेल तर नंतर दिलेले जादा पैसे मेहेरबानी म्हणून मिळतात, पण त्यानं पान सुधारत नाही. मी दोन हंगाम नंतर पैसे देऊन आधीचं काम विकत घ्यायला निघालो होतो.

याच मुद्द्यावर इतरांचं काय चालतं ते मग बघितलं. केनियात छोट्या उत्पादकांचं पान केटीडीए या त्यांच्या चहा संस्थेच्या केंद्रांवर रोज तपासून घेतात, जाडं पान परत करतात, दर महिन्याला पहिली रक्कम देतात आणि वर्षअखेरीला कारखान्याच्या कमाईतून दुसरी. पहिली उचल आणि दिवाळीचा हप्ता, आमच्या भाषेत. श्रीलंकेत विक्रीच्या किमतीतला 68 टक्के वाटा पानवाल्याचा असं सूत्र ठरलेलं आहे. केनियानंच 2021 मध्ये मोंबासाच्या लिलावात केटीडीएच्या चहाला सरसकट किलोला 2.43 डॉलरची किमान किंमत बांधली. हलका माल त्या भावानं कोण घेणार? न विकलेल्या चहाचे ढीग साचले आणि 2024 मध्ये ती अट काढावी लागली. भाव चांगला असून भागत नाही, तो कशाला मिळणार हे बांधलेलं असावं लागतं. आणि नुसतं बांधून भागत नाही, मोजावं लागतं.

म्हणून आता आमचं दरपत्रक आहे. महिन्याच्या सुरुवातीला ते गटाच्या काट्यावर लागतं. पाया टी बोर्डानं जाहीर केलेल्या किमान भावाचा, त्यावर पानाच्या प्रतीप्रमाणं पायऱ्या. आलेल्या पानातून मूठभर नमुना घ्यायचा, कोवळं आणि जून वेगळं करायचं, दोन्हींचं वजन करायचं, टक्केवारी चिठ्ठीवर लिहायची. फवारणीची तारीख वहीत नसेल किंवा ठरलेले दिवस गेलेले नसतील तर ते पान या दरपत्रकात बसत नाही. सगळ्यात वरच्या पायरीचा फरक एवढा ठेवला आहे की सात दिवसांच्या फेऱ्याची मजुरी आणि घटलेलं वजन भरून निघून वर काही उरावं. तो आकडा बाइदेउंच्या वहीतून आला, माझ्या मनातून नाही. कारखान्याला मी चहाची किंमत देतो. प्रतीचा फरक वेगळा, थेट गटाच्या खात्यावर, चिठ्ठ्यांच्या बेरजेप्रमाणं, दहा दिवसांच्या आत. त्यासाठी बँकेकडून खेळतं भांडवल वाढवून घेतलं आणि त्याचं व्याज मी भरतो, कारण धाराशिवच्या दुकानदाराची उधारी ही माझी अडचण आहे.

बाजार पडला तर पाया खाली येतो, पायऱ्यांमधला फरक तसाच राहतो. बाजार चढला आणि कुणी जास्त दिलं तर त्यांनी तिकडं द्यावं. फक्त महिन्याचा ठरलेला माल आधी सांगून. नात्याची भाषा मी बंद केली.

हे सगळं नीट चाललंय असं नाही. श्रावण-भाद्रपदाच्या पावसात पान भराभर वाढतं, मजूर मिळत नाहीत, प्रत घसरते. त्या दिवसांत पायऱ्या सैल कराव्यात असं गटाचं म्हणणं, करू नयेत असं माझं. अजून तोडगा नाही. नमुना कोण घेणार यावरून कारखाना आणि गट यांच्यात दोनदा वाजलं. पुड्यावरचा फोटो आणि ‘थेट शेतकऱ्याकडून’ ही अक्षरं काढून टाकली, कारण माझ्या शेडमध्ये येणारी सगळी डस्ट आजही लिलावातून येते आणि तिचं पान कुणी, किती रुपयांना तोडलं ते मी सांगू शकत नाही. अर्ध्या मालाचं खरं पुऱ्या पुड्यावर छापलं तर ते खोटंच. फोटो गेल्यावर एका मॉलवाल्यानं शेल्फ काढून घेतलं. त्याला मालाच्या प्रतीत रस नव्हता, गोष्टीत होता.

दाणेदार मालाचा पुडा महाग झाला. काही टपऱ्या तुटल्या, काही घरं वाढली; बेरीज अजून आधीच्या आकड्याला पोचलेली नाही. वसाहतीतले शेजारी विचारतात, एवढं देऊन परवडतं का? परवडतं. आधी जास्त परवडत होतं, कारण त्यातला काही भाग माझा नव्हता.